सरदारांनी टोल भरला तो पूल : बुडापेस्टच्या साखळी पुलाचं प्रकरण

महामार्गावरच्या टोलनाक्यावर गाडी रांगेत अडकली की बाजूचा तो भलामोठा फलक वाचायला भरपूर वेळ मिळतो. वर कोणत्या वाहनाला किती रुपये ते लिहिलेलं, आणि खाली टोलमधून कोणाला सूट आहे त्याची यादी. रुग्णवाहिका, शववाहिका, अग्निशमन दल ही नावं पटतात, त्यांना कोण अडवेल? पण यादीत त्यांच्या आधी मोठमोठ्या पदांची रांग असते. मागे कांद्याचा टेम्पो उभा असतो, त्याच्या मागे एसटी. ती यादी त्यांच्यासाठी नसते.

हा फलक वाचताना मला दरवेळी बुडापेस्टचा साखळी पूल आठवतो. हंगेरीच्या राजधानीतला हा पूल 1849 मध्ये सुरू झाला. हंगेरियन लोक त्याला ‘लांत्सहीद’ म्हणतात, म्हणजे शब्दशः साखळी-पूल. त्याचे दगडी सिंह, रात्रीचे दिवे, मागचा किल्ला यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. इंजिनिअर मंडळी त्याच्या 202 मीटरच्या मधल्या गाळ्याबद्दल, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराबद्दल, बोलतात, आणि त्या काळी तो जगातल्या सर्वात मोठ्या गाळ्यांपैकी होता हे खरंच आहे. मला मात्र या पुलातली सगळ्यात अवघड गोष्ट लोखंड-दगडाची वाटत नाही. सर्वात अवघड होता तो टोल. तो कोणाकडून घ्यायचा एवढा एक प्रश्न सोडवायलाच काही वर्षं गेली. म्हणून हे प्रकरण टोलच्या बाजूने मांडतो.

मध्ये नदी

बुडा आणि पेस्ट ही 1873 पर्यंत वेगवेगळी शहरं होती. पश्चिमेच्या काठावर बुडा, म्हणजे टेकड्या, किल्ला, राजवाडा, सरकारी कचेऱ्या. पूर्वेला पेस्ट, सपाट जमिनीवर पसरलेलं व्यापारी शहर. मधून डॅन्यूब वाहते, साडेतीनशे मीटरहून रुंद आणि चांगल्या ओढीची.

येण्याजाण्यासाठी बोटींचा पूल होता. ओळीने बोटी नांगरायच्या, त्यांवर फळ्या टाकायच्या. जहाज आलं की मधल्या बोटी सरकवून वाट द्यायची, तोवर दोन्ही बाजूंनी गाड्या थांबून राहायच्या. हिवाळा जवळ आला की हा पूल उचलून ठेवावा लागे, नाहीतर बर्फाने त्याचा चुरा केला असता. नदी पुरती गोठली तर प्रश्न नव्हता. माणसं आणि गाड्या बर्फावरूनच जात. हाल व्हायचे ते अधल्यामधल्या दिवसांत. नदीतून बर्फाचे मोठमोठे तुकडे एकमेकांवर आपटत वाहत असायचे, तेव्हा पूल नाही, बर्फावरून वाट नाही आणि नाव घालायची कोणाची छाती नाही. सरकार एका काठावर, बाजार दुसऱ्या काठावर आणि एकमेकांशी संबंध तुटलेला.

डिसेंबर 1820 च्या अखेरीस घोडदळातला एक तरुण अधिकारी पेस्टच्या काठावर असाच अडकला. त्याचं नाव काउंट इश्तवान सेचेन्यी, वय 29. वडील फेरेन्त्स सेचेन्यी व्हिएन्नात वारले होते आणि तो अंत्यविधीसाठी निघाला होता. स्वतःचा ग्रंथसंग्रह देशाला देऊन हंगेरीच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची पायाभरणी करणारे हे फेरेन्त्स. मुलाला नदी ओलांडायला आठवडाभर वाट पाहावी लागली. पाण्याला पूर आला म्हणून पलीकडच्या माणसाला खांदा द्यायला जाता आलं नाही, ही गोष्ट कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. घरच्या माणसाला शेवटचं न भेटता आल्याची सल फार वर्षं राहते. सेचेन्यीने त्या दिवसांत डायरीत लिहून ठेवलं, की बुडा आणि पेस्टमध्ये पूल होणार असेल तर मी वर्षाचं उत्पन्न देईन आणि त्यातला पैसाही परत मागणार नाही.

असं दुःखात बोललेलं माणूस बहुतेक वेळा विसरतो. हा विसरला नाही. 1825 मध्ये, पोझोन्य (आजचं ब्रातिस्लाव्हा) इथे भरलेल्या देशाच्या विधिसभेत त्याने खरोखरच वर्षाचं उत्पन्न देऊ केलं. ते पुलासाठी नव्हे, हंगेरियन भाषेच्या अकादमीसाठी होतं. त्या सभेचा कारभार लॅटिनमध्ये चाले, आणि सेचेन्यीने वरिष्ठ सभागृहात उभं राहून आपल्या भाषेत बोलणं हीसुद्धा तेव्हा मोठी गोष्ट होती. अकादमीची इमारत पुढे 1865 मध्ये उभी राहिली. ती आज साखळी पुलाच्या पेस्टकडच्या तोंडाशीच आहे.

सात झाडांचा सरदार

पुलासाठी लागणारा पैसा एका माणसाच्या वर्षाच्या उत्पन्नात मावणारा नव्हता. आणि इथेच टोलचा प्रश्न येतो.

हंगेरीत उमराव वर्गाला कर माफ होता. रस्त्याचा माफ, पुलाचा माफ, जमिनीचाही माफ. हा हक्क सोळाव्या शतकापासून लिखित स्वरूपात होता आणि तो राज्याचा कणा मानला जाई. कर भरायचा तो कुळांनी, शेतकऱ्यांनी. कायद्याच्या लॅटिन भाषेत त्यांच्यासाठी एक नेहमीचा शब्दप्रयोगच होता, ‘मिझेरा प्लेब्स कॉन्ट्रिब्युएन्स’, म्हणजे कर भरणारी बिचारी रयत. शब्दप्रयोगात ‘बिचारी’ म्हणायचं आणि वसुली त्यांच्याकडूनच करायची, हे कित्येक पिढ्या चालू होतं.

उमराव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जहागीरदार येतो. हंगेरीत तसं नव्हतं. साधारण वीस माणसांमागे एक माणूस उमराव होता, आणि त्यातले बरेचसे कफल्लक होते. त्यांच्यासाठी हंगेरियन भाषेत एक सुंदर शब्द आहे, ‘सात आलुबुखाऱ्यांचा सरदार’. म्हणजे इस्टेट कसली, तर परसातली सात फळझाडं. घराचं छप्पर गळतंय, जोडे फाटलेत, पण सनद मात्र पेटीत जपलेली. त्या सनदेचा रोजच्या जगण्यात दिसणारा उपयोग एकच, तो म्हणजे नाक्यावर पैसे न देता मान ताठ ठेवून पुढे जाणं. शेजारचा सधन शेतकरी थांबून नाणी मोजतोय आणि आपण जातोय. माणसाची उरलीसुरली प्रतिष्ठा तेवढ्या चार पावलांत साठलेली असेल, तर ती काढून घेणं किती जिव्हारी लागेल याचा अंदाज करता येतो. पुलाला झालेला विरोध समजून घ्यायचा तर बड्या काउंटांच्या आधी या सात झाडांच्या मालकाकडे पाहायला हवं.

बोटींच्या पुलावरही हेच चालायचं. शेतकरी आपली गाडी घेऊन आला की पैसे मोजायचा. उमराव आला की फुकट जायचा. आता हिशेब पाहा. कायमचा पूल बांधायला अवाढव्य भांडवल लागणार. हंगेरीवर तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा अंमल होता, आणि त्याचा व्हिएन्नातला खजिना ते देणार नाही. मग ते खासगी सावकाराकडून उभं करायचं. सावकार पैसे घालणार टोलच्या भरवशावर. आणि ज्यांच्याकडे घोडागाड्या आहेत, ज्यांची ये-जा सर्वात जास्त आहे, तेच टोल देणार नसतील, तर शेतकऱ्यांच्या तांब्याच्या नाण्यांवर कोण एवढा पैसा लावेल?

सेचेन्यीने ही गोष्ट फार नीट ओळखली. पत आणि कर्ज यांवर त्याने 1830 मध्ये पुस्तक लिहिलं होतं. उमरावांचे हेच जुने हक्क देशाला दरिद्री ठेवतात, असं त्यात त्याने स्वतः उमराव असून मांडलं, आणि त्याच्याच वर्गातल्या लोकांनी त्याच्यावर भरपूर राग काढला. माझं वाचन असं आहे, की पूल ही त्याला त्याच मुद्द्यासाठी सापडलेली दुसरी, जास्त चांगली वाट होती. ‘सगळ्यांनी कर भरावा’ असं थेट म्हटलं असतं तर विधिसभेने ते पाच मिनिटांत उडवून लावलं असतं. ‘सगळ्यांना पूल हवा आहे का?’ या प्रश्नाला मात्र नाही म्हणणं कठीण होतं.

अहवाल आणि कायदा

फेब्रुवारी 1832 मध्ये त्याने पुलासाठी एक मंडळ स्थापन केलं. त्याच वर्षी काउंट जॉर्ज आंद्राशीला सोबत घेऊन तो इंग्लंडला गेला. तिथल्या इंजिनिअरांना भेटून, पूल पाहून, त्यांचा खर्च, उत्पन्न, बांधणी आणि बर्फापुढचा टिकाव याबद्दल खोदून खोदून विचारलं. या भेटींत विल्यम टिअर्नी क्लार्क हा इंजिनिअर त्यांना सापडला. टेम्स नदीवर हॅमरस्मिथचा झुलता पूल त्याने 1827 मध्ये बांधला होता. मार्लो या गावातला त्याचा पूल आजही उभा आहे आणि तो बुडापेस्टच्या पुलाचा धाकटा भाऊ शोभावा असा दिसतो. परतल्यावर 1833 मध्ये दोघा काउंटांनी अहवाल छापला.

विरोधकांचा एक मुद्दा गंभीर होता आणि त्याला उत्तर देणं भाग होतं. नदीत दगडी खांब उभे केले की वाहता बर्फ त्यांना अडेल, बर्फाचं धरण होईल आणि शहर बुडेल, असं ते म्हणत. कमानींचा दगडी पूल बांधला असता तर हे खरं ठरू शकलं असतं, कारण त्याला पात्रात ओळीने खांब लागतात. झुलत्या पुलाला पात्रात दोनच खांब लागणार होते. अहवालाचा कल साखळी पुलाकडे गेला तो यामुळेच. ही भीती पोकळ नव्हती हे मार्च 1838 ने दाखवलं. बर्फ तुंबून डॅन्यूब पेस्टमध्ये शिरली आणि दोन हजारांवर घरं कोसळली. तेव्हा पुलाचा एकही दगड बसलेला नव्हता. निदान त्या पुराचं खापर कोणाला पुलावर फोडता आलं नाही.

टोलचा प्रश्न विधिसभेत मात्र फार चिघळला. दोन्ही शहरांना बोटींच्या पुलापासून मिळणारं उत्पन्न होतं, ते बुडणार होतं. उमरावांची तर मूळ सनदच पणाला लागली होती. आज पुलावर एक नाणं द्या, उद्या घराचा कर द्या, परवा जमिनीचा, असं ते म्हणत. मला वाटतं त्यांनी धोका अगदी अचूक ओळखला होता.

अखेर 1836 च्या कायद्यात, सव्विसाव्या कलमात, बुडा आणि पेस्टमध्ये कायमचा पूल बांधायचं ठरलं आणि त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने टोल द्यायचा हेही ठरलं. प्रत्येकाने. जन्म, पद, सनद यांची सूट नाही. हंगेरीच्या कायद्यात असं पहिल्यांदाच लिहिलं गेलं. देशाचे सरन्यायाधीश काउंट आंताल त्सिराकी यांच्याबद्दल एक आख्यायिका आजही सांगतात. हंगेरियन उमरावाला ज्यावर पैसे मोजावे लागतील अशा त्या पुलावर आपण आयुष्यात पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी भरल्या डोळ्यांनी जाहीर केलं म्हणे. हे वाचून हसू येऊ शकतं. मला येत नाही. त्या म्हाताऱ्या माणसाला एका नाण्याचं दुःख नव्हतं. ज्या व्यवस्थेवर त्याचा मनापासून विश्वास होता तिची पहिली वीट निखळताना त्याला दिसत होती.

सावकाराची अट

समतेचा हा टोल गोळा कोणी करायचा, तर व्हिएन्नाचा बँकर जॉर्ज सिना याने. ग्रीक वंशाच्या या धनाढ्य बॅरनच्या नावाने कंपनीशी करार झाला आणि 1840 मध्ये विधिसभेने त्याला मान्यता दिली. कंपनीने पूल बांधायचा आणि 87 वर्षं टोल घ्यायचा. शिवाय वर-खाली ठरावीक अंतरात दुसऱ्या कोणी पूल बांधायचा नाही. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ हा शब्द आपल्याकडे गेल्या तीस-एक वर्षांत घरोघरी पोचला. तो व्यवहार इतका जुना आहे.

इथे सेचेन्यीची बाजू घेणाऱ्याने एक गोष्ट कबूल करायला हवी. शेतकऱ्याचा टोल या कायद्याने माफ झाला नाही. तो आधी देत होता, पुढेही देत राहिला, आणि ते पैसे एका सावकाराच्या पेटीत गेले. बदललं एवढंच, की त्याच्या पुढच्या गाडीतला माणूसही आता पैसे देत होता. ‘एवढंच’ म्हणतो खरा, पण ज्याने आयुष्यभर एकट्याने खिशात हात घातला, त्याला विचारायला हवं की हे एवढंच आहे का.

जवळपास दुसरा पूल नको ही अट मात्र शहराला महाग पडली. पेस्ट झपाट्याने वाढलं, एका पुलावर गर्दी मावेना आणि दुसरा बांधायला कराराची आडकाठी. अखेर 1870 मध्ये सरकारने कंपनीकडून पूल विकत घेतला. त्यानंतर मार्गारेट पूल झाला, तो 1876 मध्ये.

साखळी म्हणजे काय

सायकलची चेन कधी उघडून पाहिली असेल तर या पुलाची साखळी डोळ्यांसमोर आणणं सोपं आहे. आपण साखळी म्हणतो तेव्हा गोल कड्या आठवतात. तसल्या कड्या इथे नाहीत. लोखंडाच्या लांब चपट्या पट्ट्या, दोन्ही टोकांना भोक, अशा अनेक पट्ट्या शेजारीशेजारी उभ्या लावायच्या, त्यांच्या भोकांतून पुढच्या पट्ट्यांची भोकं जुळवायची आणि आरपार जाडजूड पिन घालायची. सायकलच्या चेनमध्ये हेच बोटाच्या पेराएवढं असतं, इथे माणसाहून उंच. ही साखळी नदीतल्या एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर जाते, आणि दोन्ही काठांवर तिरपी होऊन जमिनीखाली शिरते. तिथे दगडी भुयारात तिची टोकं जखडलेली असतात. पुलावर उभं राहून दिसतात ते मनोरे आणि सिंह. सगळा भार धरून ठेवणारी जागा ती अंधारी भुयारं. ही भुयारं लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

जागेवर बांधकाम पाहायला टिअर्नी क्लार्कने दुसऱ्या एका क्लार्कला नेमलं. अ‍ॅडम क्लार्क, एडिंबरोचा तरुण इंजिनिअर. दोघांचं नातं काही नाही, आडनाव तेवढं एक. तो 1834 मध्ये डॅन्यूबचा गाळ उपसायच्या यंत्राबरोबर हंगेरीत आला होता. नदीतल्या खांबांच्या पायासाठी आधी पाण्यातली जागा कोरडी करावी लागते. तिथे लाकडाचे लांबच लांब डांब एकाला एक लावून तळात ठोकायचे, दोन ओळींमध्ये चिकणमाती भरायची, मग आतलं पाणी उपसून काढायचं आणि उघड्या पडलेल्या तळावर दगडाचं काम सुरू करायचं. 1840 मध्ये डांब ठोकायला सुरुवात झाली. 24 ऑगस्ट 1842 ला पायाचा दगड बसला.

साखळ्या चढवायचं काम 1848 च्या वसंतात सुरू झालं. त्याच मार्चमध्ये व्हिएन्नाच्या सत्तेविरुद्ध क्रांती झाली आणि एप्रिलमध्ये नवीन कायदे आले. त्यात उमरावांची करमाफी संपली, कुळांची वेठ संपली. पुलावरचा नियम बारा वर्षांनी सगळ्या देशाचा नियम झाला. सेचेन्यी नव्या सरकारात दळणवळण आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचा मंत्री होता.

18 जुलै 1848. साखळीचा शेवटचा तुकडा वर चढवायचा होता. लोक जमले होते. मजुरांसाठी बांधलेल्या लाकडी फलाटावरही माणसं होती आणि त्यांत मंत्री सेचेन्यीही होता. उचलणाऱ्या यंत्राच्या साखळीची एक कडी तुटली. कित्येक टनांचा तो तुकडा खाली आदळला, फलाट मोडला आणि माणसं डॅन्यूबमध्ये पडली. 56 वर्षांचा सेचेन्यी पोहत काठाला आला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या नदीने त्याला काठावर रोखून धरलं होतं, त्याच नदीतून ओला होऊन बाहेर पडताना त्याच्या मनात काय आलं असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

पूल वाचवणारा परदेशी

देश ऑस्ट्रियाशी युद्धाकडे सरकत होता आणि सेचेन्यीला ते सोसेना. आपणच सुरू केलेल्या सुधारणांनी देशाला विनाशाकडे ढकललं, या विचाराने त्याचं मन ढासळलं. सप्टेंबर 1848 मध्ये त्याला व्हिएन्नाजवळच्या डब्लिंग इथल्या मनोरुग्णालयात नेलं. तो परत आला नाही. 8 एप्रिल 1860 ला त्याने तिथेच स्वतःचं आयुष्य संपवलं. आज ज्या पुलाला त्याचं नाव आहे त्या पुऱ्या झालेल्या पुलावर तो एकदाही चालला नाही.

त्याच्या मागे पूल राखला तो अ‍ॅडम क्लार्कने. जानेवारी 1849 मध्ये माघार घेणारं हंगेरियन सैन्य अर्धवट पुलावरून तोफा घेऊन गेलं, आणि पाठोपाठ ऑस्ट्रियन सैन्य आलं. म्हणजे उद्घाटनाआधीच पुलाची भारचाचणी दोन सैन्यांनी केली. वसंतात हंगेरियन परत आले आणि त्यांनी बुडाच्या किल्ल्याला वेढा घातला. पुलाचा जीव भुयारांत आहे हे क्लार्कला माहीत होतं. तिथली साखळीची टोकं कोणी तोडली तर सगळंच नदीत जाणार. त्याने भुयारांत पाणी सोडलं आणि पंप निकामी केले. भुयार पाण्याने भरलं की तिथे कोणाला घातपात करता येणार नव्हता. इतका साधा आणि इतका हुशार उपाय युद्धाच्या इतिहासात फार कमी सापडेल.

21 मे ला किल्ला पडला त्या दिवशी आल्नोख नावाच्या ऑस्ट्रियन कर्नलने पुलावर ठेवलेल्या दारूगोळ्याला बत्ती दिली. स्फोटात तो स्वतः मेला. पुलाचं नुकसान थोडक्यात निभावलं. दोन महिन्यांत पारडं पुन्हा फिरलं. आता माघार हंगेरियन सैन्याची होती आणि त्यांचा सेनापती डेम्बिन्स्की पूल नष्ट करायला निघाला होता. क्लार्कने त्याला पटवलं की वरची पाटणी काढून टाकली तरी शत्रूला पुलाचा उपयोग होणार नाही. पाटणी काढली, साखळ्या राहिल्या. दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी आळीपाळीने जो पूल मोडायचा प्रयत्न केला, तो एका स्कॉटिश इंजिनिअरच्या चिकाटीने उभा राहिला.

20 नोव्हेंबर 1849 ला पूल सुरू झाला तेव्हा क्रांती चिरडली गेली होती. 6 ऑक्टोबरला आराद या शहरात तेरा हंगेरियन सेनानींना मारलं होतं, आणि त्याच दिवशी पेस्टमध्ये लायोश बात्त्यानीला गोळ्या घातल्या होत्या. ज्याच्या मंत्रिमंडळात सेचेन्यी होता तोच हा पंतप्रधान. त्याला सहा-साडेसहा आठवडे झाले होते. उद्घाटनाला मान होता ऑस्ट्रियन जनरल हायनाऊचा, ज्याच्या हुकुमाने हे सारं झालं. शहराने आयुष्यभर वाट पाहिलेला पूल असा मिळाला.

नंतरचं थोडक्यात

1852 मध्ये शिल्पकार यानोश मार्शाल्कोचे चार सिंह तोंडाशी बसले. त्यांना जीभ करायची राहिली आणि शिल्पकाराने लाजेने नदीत उडी मारली, ही गोष्ट प्रत्येक पर्यटकाला ऐकवली जाते. ती खोटी आहे. जीभ आहे, खालून दिसत नाही इतकंच. अ‍ॅडम क्लार्क बुडातच राहिला, तिथल्या मुलीशी लग्न केलं, पुलासमोरच्या किल्ल्याच्या टेकडीतून बोगदा काढला आणि 1866 मध्ये तिथेच वारला. पूल आणि बोगदा यांच्यामधल्या चौकाला त्याचं नाव आहे आणि हंगेरीचे रस्ते मोजायचा शून्य किलोमीटरचा दगडही तिथेच आहे.

जुन्या साखळ्या वाढत्या रहदारीला पुरेनात म्हणून 1913 ते 1915 या काळात पूल जवळजवळ नव्याने बांधला. मनोरे तेच ठेवले, साखळ्या पोलादाच्या आल्या, लोखंडी भागाचं वजन दुपटीहून जास्त वाढलं. अंगकाठी मात्र तीच राखली, आणि हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. 18 जानेवारी 1945 ला पेस्टमधून मागे हटणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला. त्या युद्धात बुडापेस्टचा डॅन्यूबवरचा एकही पूल शाबूत राहिला नाही. साखळ्या आणि रस्ता पाण्यात गेला, मनोरे उभे राहिले. शेजारचा एलिझाबेथ पूल 1964 मध्ये वेगळ्याच रूपात परतला. साखळी पूल मात्र जुन्या रूपातच बांधला आणि तारीख जुळवून, बरोबर शंभर वर्षांनी, 20 नोव्हेंबर 1949 ला खुला केला.

2021 मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी तो बंद झाला आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये काम पुरं झालं. बस, टॅक्सी आणि सायकली पुन्हा सुरू झाल्या. खासगी मोटारींना मात्र परत येऊ दिलं नाही, मग मोटार कितीही महागडी असो. किल्ल्यावर जाणारी 16 नंबरची बस आता मोकळ्या रस्त्याने जाते.

1949 च्या पुनर्बांधणीत मनोऱ्यांमधल्या अरुंद वाटा रुंद केल्या आणि काठावरची टोलघरं पाडून टाकली. अकादमीच्या बाजूने पुलावर चढताना सिंहाच्या पायथ्याशी ती जागा येते. आता तिथे थांबून पैसे काढायचे नसतात, त्यामुळे सगळेच सारख्या चालीने पुढे जातात.